‘१००८ पैकी १’: डाय-कास्ट गाड्यांच्या खोक्यावरचा आकडा नेमके काय मोजतो?

टेबलावर माझ्यासमोर १:४३ प्रमाणातल्या, म्हणजे लांबीने खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढ्या, दोन शर्यतीच्या गाड्या ठेवल्या आहेत. एकीच्या खोक्यावर ‘५०४ पैकी १’ असे छापले आहे, तर दुसरीच्या खोक्यावर ‘१००८ पैकी १’. दोन्ही गाड्या उलट्या करून भिंगाखाली धरल्या, की तळाचे स्क्रू एकाच जागी दिसतात. दाराखालच्या कडेवर साच्याच्या दोन अर्धुकांचा सांधा दाखवणारी केसाएवढी रेष दोन्हींत एकाच ठिकाणी संपते आणि मागच्या चाकाच्या कमानीत, साच्यातून नग बाहेर ढकलणाऱ्या खिळीचा बारीक गोल ठसाही दोन्हींत तंतोतंत सारखा आहे. याचा अर्थ या दोन्ही गाड्या एकाच साच्यातून निघाल्या असून त्यांच्यातला फरक रंग, चालकाचे नाव आणि शर्यतीचा क्रमांक एवढाच आहे. मग त्या साच्यातून एकूण गाड्या किती निघाल्या? या प्रश्नाचे उत्तर दोन्हींपैकी एकाही खोक्यावर नाही. संग्राहक ज्या आकड्याकडे पाहून हरखून जातात, तो आकडा गाडीचा नसून गाडीच्या एका पोशाखाचा असतो. असे का होते, हे समजण्यासाठी आधी या गाड्या कशा तयार होतात ते पाहावे लागते.

डाय-कास्ट म्हणजे वितळलेला धातू दाबाखाली पोलादी साच्यात ढकलून घडवलेली वस्तू. खेळण्यांच्या गाड्यांसाठी वापरला जाणारा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. त्याचे प्रचलित नाव ‘झामाक’. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये हा मिश्रधातू विकसित केला. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते आणि तो ४०० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो. इतक्या कमी तापमानामुळे पोलादी साच्याची झीज फार सावकाश होते. एक चांगला साचा लाखो नग देऊ शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

साचा बनवणे हे या धंद्यातले सर्वांत खर्चिक काम आहे. खऱ्या गाडीची मापे घ्यायची, ती लहान करायची, केवळ लहान केल्याने बेढब दिसणारे भाग नजरेला पटतील असे सुधारायचे, मग पोलादात ते कोरायचे, आणि दारे किंवा बॉनेट उघडणारे असतील तर त्यांचे साचे वेगळे करायचे. हिशेबापुरते असे धरू, की साच्याचा खर्च ६०,००० एकक आहे. त्यातून फक्त १,००० गाड्या काढल्या तर प्रत्येक गाडीवर साच्याचे ६० एकक चढतात; ६०,००० गाड्या काढल्या तर प्रत्येकीवर एकच एकक चढते. धातू, रंग, चाके आणि मजुरी यांचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच. अशा परिस्थितीत लाखो नग देऊ शकणाऱ्या साच्यातून हजार नग काढून तो मोडीत काढणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही. पण एकाच रंगाच्या ६०,००० गाड्या संग्राहक घेत नाहीत. यातून निघालेला मार्ग म्हणजे साचा तोच ठेवायचा आणि त्यातून निघणाऱ्या गाड्यांना साठ वेगवेगळे पोशाख चढवायचे. प्रत्येक पोशाख हजारांचा, आणि प्रत्येक हजारांवर ‘मर्यादित आवृत्ती’ असा शिक्का.

यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्येक पोशाखाचा आकडा खराच असतो. फक्त तो कशाचा आकडा आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

ही पद्धत सर्वांत उघडपणे दिसली ती इंग्लंडमधील लेडो या कंपनीत. मॅचबॉक्स गाड्या बनवणाऱ्या लेस्नी कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांनी १९८२ मध्ये ती स्थापन केली. कंपनीचे नावही त्यांनी स्वतःच्या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लावून ठेवले. लेडोच्या ‘डेज गॉन’ मालिकेत जुन्या काळातल्या व्हॅनचे मोजकेच सांगाडे होते. व्हॅनची बाजू म्हणजे सपाट भिंतच. तिच्यावर चहाची, साबणाची, वर्तमानपत्राची, कोणाच्या वर्धापनदिनाची, कशाचीही जाहिरात छापता येते. त्यामुळे एकाच व्हॅनच्या असंख्य जाहिरात-आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतल्या कित्येकींसोबत मर्यादित संख्येचे प्रमाणपत्र असे. आज अशी एखादी व्हॅन हाती आली, तर तिच्या विशिष्ट जाहिरातीचे नग खरोखर थोडे असू शकतात. पण त्याच व्हॅनची इतर भावंडे इतकी आहेत, की ती विशिष्ट जाहिरात नेमकी कोणाला हवी आहे यावरच सगळे अवलंबून राहते.

पोशाख बदलायला तुलनेने फारसा खर्च येत नाही. रंगाची नवी बॅच लावायची आणि टॅम्पो छपाईसाठी नव्या पट्ट्या कोरायच्या. टॅम्पो म्हणजे कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून ती गाडीच्या वळणदार अंगावर दाबणे. गादी वळणाप्रमाणे वाकत असल्याने बॉनेटच्या कडेवरही अक्षरे स्वच्छ उमटतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी पट्टी आणि वेगळा दाब लागतो, म्हणून आठ रंगांच्या प्रायोजक-चिन्हांनी भरलेली शर्यतीची गाडी दोन रंगांच्या गाडीपेक्षा महाग पडते. ही जुळवाजुळव करायला वेळ जातो आणि सुरुवातीचे काही नग वायाही जातात. म्हणून कोणत्याही पोशाखाला एक किमान संख्या असते, जिच्या खाली उतरणे कारखान्याला परवडत नाही. मर्यादित आवृत्तीचा आकडा पुष्कळदा या किमान संख्येच्या आसपासच घुटमळतो, आणि त्याला दिलेले ‘खास’पणाचे कारण नंतर शोधलेले असते.

आकडे इतके विचित्र का असतात, हेही यातूनच कळते. सरळ ५०० किंवा १,००० न छापता ३३६, ५०४, १००८, २०१६ असे आकडे छापलेले दिसतात. जर्मनीतील आखेन येथील मिनिचॅम्प्स या मॉडेल-गाड्यांच्या कंपनीच्या खोक्यांवर ते वारंवार भेटतात. या सर्वांना १२ ने भाग जातो: ३३६ म्हणजे २८ डझन, ५०४ म्हणजे ४२ डझन, १००८ म्हणजे ८४ डझन. गाड्या कारखान्यातून सुट्या निघत नाहीत, ठरावीक संख्येच्या पेट्यांत भरून निघतात, आणि अर्धी पेटी पाठवण्यात कोणालाच सोय नसते. याउलट काही आकडे मुद्दाम अर्थपूर्ण केलेले असतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या जन्माचे वर्ष किंवा तिचा शर्यतीतला क्रमांक. असा आकडा दिसला की तो विक्री विभागाने ठरवला असे समजावे. डझनाच्या पटीतला आकडा बहुधा गोदामाने ठरवलेला असतो. मला स्वतःला गोदामाचा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो.

आता खोक्यावरच्या शब्दांकडे वळू, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. ‘५०४ पैकी १’ हे शब्द वाचून आपल्या हाती पहिलाच नग आला असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचा अर्थ एवढाच, की ही गाडी ५०४ गाड्यांच्या गटातली आहे. त्या सर्व ५०४ खोक्यांवर हेच शब्द आहेत. क्रमांकित आवृत्ती ही त्याहून वेगळी गोष्ट. तिच्यात प्रत्येक नगाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणजे एकावर ‘०४१७ / १००८’ तर पुढच्यावर ‘०४१८ / १००८’. हा क्रमांक कुठे आहे यालाही महत्त्व आहे. तो गाडीच्या तळावर छापलेला किंवा कोरलेला असेल, तर गाडी आणि क्रमांक यांची ताटातूट होत नाही. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींच्या १:२४ प्रमाणातल्या संग्राह्य गाड्यांत असा क्रमांक चासीवर देण्याची पद्धत आहे. क्रमांक फक्त सुट्या प्रमाणपत्रावर असेल, तर ते प्रमाणपत्र हरवू शकते, दुसऱ्या खोक्यात जाऊ शकते, किंवा खराब झालेल्या गाडीचे प्रमाणपत्र धडधाकट गाडीला जोडले जाऊ शकते. क्रमांक लहान म्हणजे नग आधी बनला, असेही नव्हे. सांगाडे, तळ आणि खोकी वेगवेगळ्या रांगांतून येऊन शेवटी एकत्र होतात आणि त्या वेळी हाताला जो तळ लागेल तो बसवला जातो.

यापलीकडे एक तिसरा प्रकार आहे, ज्यात ‘लिमिटेड’ हा शब्द असतो पण आकडा नसतोच. जपानमधील टोमिका या १९७० पासूनच्या नाममुद्रेखाली २००४ मध्ये ‘टोमिका लिमिटेड व्हिंटेज’ ही प्रौढ संग्राहकांसाठीची १:६४ मालिका सुरू झाली. त्या गाड्या फार देखण्या असतात, पण तिथे ‘लिमिटेड’ हा मालिकेच्या नावाचा भाग आहे; तो शब्द म्हणजे नगांची हमी नव्हे. चौथ्या प्रकारात मर्यादा संख्येची नसून काळाची असते. अमुक तारखेपर्यंत जेवढ्या मागण्या येतील तेवढ्याच गाड्या बनतील, असे कंपनी सांगते आणि खिडकी बंद झाल्यावरच आकडा ठरतो. अशा वेळी मर्यादा ठरवणारे प्रत्यक्षात आपणच, म्हणजे घेणारे असतो.

एकाच गाडीच्या अनेक ‘मर्यादित’ आवृत्त्या शेजारी शेजारी उभ्या असतात, हा या सगळ्यातला खरा गुंता आहे. समजा एका शर्यतीत जिंकलेल्या गाडीचे मॉडेल निघाले. साधी आवृत्ती २,००० नगांची. तीच गाडी चकचकीत क्रोम रंगात ३०० नगांची. तीच शर्यतीनंतरच्या धुळीच्या आणि घासल्याच्या खुणांसह ५०० नगांची. आणि तीच खऱ्या गाडीच्या उत्पादकाच्या स्वतःच्या शोरूमसाठी वेगळ्या खोक्यात आणखी १,०००. चारही खोक्यांवर खरे आकडे आहेत, पण त्या गाडीचा चाहता बाजारात ३,८०० नगांपैकी निवड करतो, आणि शोरूमच्या खोक्यातली गाडी बाहेर काढून साध्या आवृत्तीशेजारी ठेवली तर पुष्कळदा ती ओळखूही येत नाही. म्हणून जाणकार एका खोक्यावरच्या आकड्याने न थांबता बेरीज करतात आणि मग विचारतात, की यातला कोणता फरक गाडीच्या अंगावर आहे आणि कोणता फक्त पुठ्ठ्यावर.

स्वस्त गाड्यांत मर्यादेचे गणित निराळ्या रीतीने चालते. हॉट व्हील्सच्या गाड्या १९६८ पासून बनत आहेत आणि त्या साध्या मालिकेत प्रचंड संख्येने निघतात. तिथे प्रत्येक गाडीवर आकडा छापण्यात अर्थ नाही. त्याऐवजी नेहमीच्या पेट्यांत काही थोड्या वेगळ्या गाड्या मिसळून दिल्या जातात. १९९५ मध्ये हॉट व्हील्स बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने ‘ट्रेझर हंट’ या नावाने १२ गाड्यांची मालिका काढली आणि त्या प्रत्येकीची संख्या १०,००० ठेवली. पुढे २००७ मध्ये यातच दोन पायऱ्या झाल्या. वरच्या पायरीच्या गाड्यांना झळाळता पारदर्शक रंग आणि रबरी टायर मिळू लागले. आजच्या अशा गाड्यांच्या कार्डावर संख्या छापलेली नसते. इतर कंपन्यांतही हा प्रकार आहे: जॉनी लाइटनिंगच्या ‘व्हाइट लाइटनिंग’ गाड्या पांढऱ्या टायरवरून ओळखतात, तर ग्रीनलाइटच्या खास गाड्यांना हिरवा रंग दिलेला असतो. संग्राहक या सर्वांना ‘चेस’ म्हणतात.

चेसच्या बाबतीत प्रमाण आणि संख्या यांची गल्लत फार होते. ‘२४ गाड्यांच्या पेटीत एकच चेस’ हे ऐकायला दुर्मीळ वाटते. पण त्या गाडीच्या ४८,००० प्रती निघाल्या असतील, तर चेस २,००० झाल्या. दुसऱ्या एखाद्या गाडीची आवृत्तीच मुळी ६०० नगांची आहे आणि तिच्यात चेस नाहीच. तरीही तिची संख्या पहिल्या चेसच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. प्रमाण सांगते ते पेटी फोडणाऱ्याच्या नशिबाबद्दल. जगात असे किती नग आहेत हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एकूण उत्पादनाचा आकडा लागतो, आणि नेमका तोच दिलेला नसतो.

मर्यादा कधी कधी साच्याच्या स्वभावातूनच येते, आणि तिथे आकड्याला वेगळे वजन आहे. राळेच्या, म्हणजे रेझिनच्या गाड्या सिलिकॉनच्या मऊ साच्यात ओततात. असा साचा काही डझन नगांतच फाटू लागतो, कडा बोथट होतात आणि नवा साचा घ्यावा लागतो. पोलादी साच्याचा मोठा आरंभीचा खर्च नसल्याने शे-दोनशे नगांची आवृत्तीही परवडते. उलट हजारो नग काढणे त्रासाचे होते. दुसऱ्या टोकाला जर्मनीतील सीएमसीसारखी कंपनी आहे, जिच्या १:१८ प्रमाणातल्या काही गाड्यांत हजाराहून अधिक सुटे भाग असतात आणि ते हाताने जोडावे लागतात. तिथे संख्या बांधलेली असते ती कुशल हातांच्या तासांनी. म्हणूनच धातूच्या गाडीवरचा ‘५००’ आणि राळेच्या गाडीवरचा ‘५००’ हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत: पहिला कंपनीने स्वतःहून घातलेला बांध असतो, दुसरा बऱ्याच अंशी साहित्याने घातलेला.

कारखान्याबाहेर कोणी गाडी रंगवली तर? संग्राहकांनी यासाठी एक वर्गवारी पाळली आहे. पूर्णपणे मूळ उत्पादकाने बनवलेली गाडी ‘कोड १’. उत्पादकाच्या परवानगीने दुसऱ्याने सजवलेली ‘कोड २’. आणि परवानगीविना दुसऱ्याने बदललेली ‘कोड ३’. कोड ३ गाडीवर ‘५० पैकी १’ असे लिहिलेले असले, तर तो शब्द रंगवणाऱ्याचा आहे, कंपनीचा नाही. आणि एकावन्नावी गाडी रंगवण्यापासून त्याला अडवणारे कोणी नसते.

आता या साऱ्या विषयातला मला सर्वांत रोचक वाटणारा भाग. खोक्यावरचा आकडा किती गाड्या बनल्या ते सांगतो. किती उरल्या ते सांगत नाही. १९३४ पासून मेकॅनो कंपनी लिव्हरपूलमध्ये ‘डिंकी टॉइज’ या नावाने ज्या गाड्या विकत होती, त्या मर्यादित नव्हत्या. मॅचबॉक्सच्या १९५३ पासूनच्या गाड्याही नव्हत्या. मुलांनी त्या वाळूत लोटल्या, जिन्यावरून सोडल्या, त्यांची खोकी त्याच दिवशी केरात गेली. म्हणून अमाप संख्येने बनलेल्या त्या गाड्यांतली खोक्यासह जशीच्या तशी राहिलेली गाडी आज खरोखर दुर्मीळ आहे. मर्यादित आवृत्तीचे उलटे असते. ती जपून ठेवण्यासाठीच घेतली जाते, खोकेही जपले जाते, आणि त्यामुळे १,००८ बनल्या असतील तर चाळीस वर्षांनंतरही त्यांतल्या बहुतेक नव्यासारख्याच शिल्लक असतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात नॅसकारच्या गाड्यांचे जे वेड पसरले, त्यात नेमके हेच झाले: कितीतरी घरांत ‘मर्यादित’ गाड्या न उघडलेल्या खोक्यांत राहिल्या, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे त्या विकायला काढल्यावर घेणारे फारसे उरले नाहीत.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरणात तर मर्यादा जाहीर करण्याचा प्रश्नच आला नव्हता. १९६९ मध्ये हॉट व्हील्सने फोक्सवॅगन व्हॅनवर आधारित ‘बीच बॉम्ब’ नावाची गाडी आखली. तिच्या पहिल्या नमुन्यात लाटांवर घसरण्याच्या फळ्या मागच्या खिडकीतून आत सरकवलेल्या होत्या. ती गाडी इतकी अरुंद झाली, की रुळावरून गाड्यांना वेग देणाऱ्या यंत्राच्या चाकांत ती नीट पकडली जाईना. कंपनीने रचना बदलून फळ्या बाजूच्या खोबणींत नेल्या, गाडी रुंद केली आणि तीच विकली. मागून भरलेल्या फळ्यांचे मोजके नमुने मागे राहिले आणि आज हॉट व्हील्सच्या संग्राहकांत सर्वाधिक मोलाच्या मानल्या जाणाऱ्या गाड्या त्याच आहेत. त्यांच्यावर ‘अमुकपैकी १’ असे काहीही लिहिलेले नाही.

आणि आकडा खालच्या बाजूलाही सरकू शकतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश शिरला, तर काही वर्षांनी धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आतल्या आत पसरतो. आधी रंगावर फोड येतात, मग चिरा पडतात, सांगाडा फुगून वाकतो आणि शेवटी बोटांच्या दाबाने त्याचे तुकडे होतात. इंग्रजीत याला ‘झिंक पेस्ट’, म्हणजे जस्ताची कीड म्हणतात, पण तो जीवजंतूंचा रोग नव्हे. दोष ओतकामाच्या दिवशीच धातूत गेलेला असतो आणि त्यावर इलाज नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या याच कारणाने नष्ट झाल्या, आणि अशुद्ध धातू वापरलेल्या अलीकडच्या गाड्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. दोष एका बॅचमध्ये असतो, आणि मर्यादित आवृत्तीची सगळी संख्या बहुधा एकाच बॅचमधली असते.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन गाड्यांपैकी १००८ वाल्या गाडीच्या छपरावर, समोरच्या काचेच्या अगदी वर, मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक फोड मागच्या पावसाळ्यात मला दिसला. त्यानंतर दर महिन्याला मी तो भिंगाखाली पाहतो. आतापर्यंत तो वाढलेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरा उठला आहे.